चाहत्यांचे भांडण आणि समीक्षकांचे मौन

१

काही काळापूर्वी लोकप्रिय साहित्यविषयक एका चर्चासत्रात एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेवर निबंध वाचला. या मालिकेचा दर्जा कोणत्या टप्प्यावर घसरला, आणि तो घसरला असे मानणाऱ्या चाहत्यांची कारणे कितपत ग्राह्य आहेत, असा तिचा प्रश्न होता. अध्यक्षस्थानावरून शेरा आला तो असा : चाहते काय म्हणतात हा समाजशास्त्राचा विषय आहे, आणि कोणता भाग चांगला, कोणता वाईट, हा तर आता कोणत्याच शास्त्राचा विषय राहिलेला नाही. सभागृहाने माना डोलावल्या. प्रस्तुत लेखकही तेथे उपस्थित होता आणि गप्प राहिला. त्या गप्प राहण्याची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहे.

या शेऱ्यामागे दोन भूमिका एकत्र आल्या आहेत आणि त्या परस्परविरोधी आहेत, हे आधी लक्षात घ्यावयास हवे. पहिली जुनी आहे. तिच्या मते दीर्घकाळ चालणाऱ्या विज्ञानकथा-मालिका हा करमणुकीचा माल आहे. त्याच्या दर्जाविषयी हमरीतुमरीवर येणे हे अपरिपक्वतेचे लक्षण होय. दुसरी भूमिका नवी आणि वरकरणी सहानुभूतीची आहे. हेन्री जेनकिन्स यांच्या ‘टेक्स्चुअल पोचर्स’ (१९९२) या ग्रंथाने तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. मिशेल द सर्तो यांच्याकडून घेतलेल्या रूपकाच्या आधारे जेनकिन्स यांनी चाहत्याला दुसऱ्याच्या रानात शिकार करणारा वाचक मानले. तो निष्क्रिय ग्राहक नाही, संहितेतून स्वतःचे अर्थ घडविणारा आहे, असे दाखवून दिले. चाहते मूल्यमापन करतात, त्यांचे काही निकष असतात, हेही त्यांनी नोंदविले. हे काम मोलाचे आहे यात शंका नाही. परंतु जेनकिन्स नोंद करून थांबतात. चाहत्याने ‘हा भाग फसला आहे, कारण...’ असे म्हटले की संशोधक ‘असे म्हणणारा समूह कसा घडतो’ हे विचारतो. ते ‘कारण’ खरे की खोटे, हे तो विचारीत नाही.

पहिल्या भूमिकेने चाहत्याला उत्तर देण्यायोग्य मानले नाही. दुसरीने त्याला अभ्यासण्यायोग्य मानले, पण उत्तर तिनेही दिले नाही. माणसाच्या युक्तिवादाला प्रतियुक्तिवादाने सामोरे न जाता त्याच्या युक्तिवाद करण्याच्या सवयीचे वर्णन करणे हा आदर नव्हे. या लेखाचे म्हणणे दुहेरी आहे. चाहत्यांची भांडणे हा समीक्षाव्यवहार आहे आणि त्याला समीक्षेनेच उत्तर दिले पाहिजे, हा त्याचा पहिला भाग. उत्तर देऊ लागल्यावर असे आढळते की चाहत्यांचा सर्वांत आवडता निकष मुळात वाङ्मयीन निकषच नाही, हा दुसरा.

२

प्रथम या संहितांचे स्वरूप पाहू. ‘डॉक्टर हू’ बी.बी.सी.वर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. १९८९ मध्ये ती थांबली. १९९६ मध्ये एक दूरचित्रपट झाला. २००५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. इतक्या वर्षांत निर्माते, संहिता-संपादक, लेखक आणि प्रमुख नट पुनःपुन्हा बदलले. अशा रचनेला एक लेखक नसतो, शेवट नसतो, आणि आरंभी कोणी आखलेला आराखडाही नसतो.

आज या मालिकेची ‘मूलतत्त्वे’ म्हणून जी सांगितली जातात ती कशी जमा झाली हे पाहण्यासारखे आहे. १९६३ चा डॉक्टर हा स्वग्रहापासून तुटलेला एक गूढ वृद्ध प्रवासी होता. त्या ग्रहाला नाव नव्हते. १९६६ मध्ये प्रकृतीच्या कारणाने विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन यांना आणावे लागले, तेव्हा डॉक्टरचे शरीर बदलू शकते हे ठरले. मात्र या प्रक्रियेला ‘रीजनरेशन’, म्हणजे पुनर्देहधारणा, हे नाव १९७४ मध्ये मिळाले. डॉक्टर ‘टाइम लॉर्ड’ या कालस्वामींच्या जमातीचा आहे हे १९६९ च्या ‘द वॉर गेम्स’ या कथेत प्रथम कळले. त्यांच्या ग्रहाचे गॅलिफ्रे हे नाव १९७३ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘द टाइम वॉरियर’मध्ये आले. म्हणजे ज्याला चाहते पाया म्हणतात तो इमारत दहा वर्षे उभी राहिल्यानंतर तिच्याखाली घातला गेला आहे.

अशा संहितेविषयी ‘दर्जा घसरला’ हे विधान करताना कशाशी तुलना करावयाची? कादंबरीबाबत आपण भागाची तुलना पूर्णाशी करतो. येथे पूर्ण असे काही हाती नसते. चाहत्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे ‘कॅनन’ ही संकल्पना. जे घडले असे अधिकृतपणे मानावयाचे त्या प्रसंगांचा आणि नियमांचा संच म्हणजे कॅनन. आपण त्याला प्रमाणसंहिता म्हणू. नवा भाग या प्रमाणसंहितेशी जुळला तर चांगला, विसंगत ठरला तर वाईट, असे समीकरण मग आपोआप तयार होते.

३

या समीकरणाची परीक्षा एका जुन्या वादावर करून पाहू. १९७६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘द डेडली अ‍ॅसॅसिन’ ही चार भागांची कथा प्रसारित झाली. लेखक होते रॉबर्ट होम्स. डॉक्टर गॅलिफ्रेवर परततो, राष्ट्राध्यक्षाच्या हत्येच्या कटात गोवला जातो, आणि कालस्वामींचा समाज आतून पाहावयास मिळतो. ‘डॉक्टर हू अ‍ॅप्रिसिएशन सोसायटी’ ही चाहत्यांची संस्था त्याच वर्षी स्थापन झाली होती. तिच्या तत्कालीन अध्यक्षांनी संस्थेच्या नियतकालिकात या कथेवर कडाडून टीका केली. मालिकेतील जादूच हरवली, असा तिचा सूर होता. पुढे हीच कथा मालिकेतील श्रेष्ठ कथांपैकी एक म्हणून गणली जाऊ लागली, आणि ती जुनी टीका चाहत्यांच्या हेकटपणाचा नमुना म्हणून थट्टेने उद्धृत होऊ लागली.

ही थट्टा अन्यायाची आहे, कारण त्या टीकेत दोन वेगवेगळे युक्तिवाद गुंतलेले होते. पहिला असा की ‘द वॉर गेम्स’मधील कालस्वामी जवळजवळ सर्वशक्तिमान होते आणि इथले कालस्वामी म्हणजे संधिवाताने त्रस्त, मानमरातबासाठी भांडणारे म्हातारे आहेत, तेव्हा ही विसंगती आहे. दुसरा असा की ज्यांच्या नावानेच डॉक्टर भयभीत होत असे त्यांना कुरकुरणारे अधिकारी करून टाकल्याने कथाविश्वातील अद्भुताचा आणि भयाचा एक स्रोत आटला. पहिला युक्तिवाद सात वर्षांपूर्वी पाहिलेल्या भागांच्या स्मृतीचा आहे. दुसरा परिणामाचा आहे, भावानुभवाचा आहे, आणि म्हणून वाङ्मयीन आहे.

या दुसऱ्या युक्तिवादाला उत्तर देता येते आणि दिले पाहिजे. प्रस्तुत लेखकाचे उत्तर असे : अद्भुत हरवले हे खरे, परंतु त्याच्या मोबदल्यात कथेने एक अर्थपूर्ण आकृती मिळविली आहे. ज्या वस्तूंत आपल्या संस्कृतीचे सारे सामर्थ्य साठविलेले आहे त्या वस्तूंना हा समाज केवळ समारंभाची आभूषणे समजतो. ज्ञान विधीत गोठले आहे. कथेच्या अखेरीस बोरूसा हा वडीलधारा कार्डिनल घडलेल्या घटनांची अधिकृत हकीकत तयार करवितो. तीत गुन्हेगार वीर ठरतो, कारण सत्यापेक्षा संस्थेची प्रतिष्ठा त्याला महत्त्वाची वाटते. ‘द वॉर गेम्स’मध्ये डॉक्टर आपल्या लोकांपासून का पळाला हे सांगितले गेले, ‘द डेडली अ‍ॅसॅसिन’मध्ये ते पटते. असल्या समाजातून कोणीही शहाणा माणूस पळाला असता. कथेची ही आकृती अद्भुताच्या हानीहून मोठी आहे की नाही यावर मतभेद होऊ शकतो, पण तो मतभेद आता कथेविषयीचा आहे. आणि यात एक उपरोधही दडलेला आहे : अधिकृत इतिहास कसे रचले जातात हे दाखविणाऱ्या कथेवर अधिकृत इतिहासाशी न जुळल्याचा आरोप ठेवला गेला.

पहिल्या युक्तिवादाचे काय झाले? कालस्वामीला बाराच वेळा पुनर्देहधारणा करता येते, हा नियम याच कथेने घालून दिला. ज्या कथेने प्रमाणसंहिता मोडली असे म्हटले गेले, तिनेच पुढच्या पिढीच्या प्रमाणसंहितेतील एक कलम लिहिले. ते इतके बंधनकारक ठरले की २०१३ च्या नाताळातील ‘द टाइम ऑफ द डॉक्टर’ या भागात डॉक्टरला देहांचे नवे आवर्तन मिळवून द्यावे लागले. आजचा भंग हाच उद्याचा दंडक होणार असेल, तर त्या दंडकाने गुणवत्ता मोजता येणार नाही.

४

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे, आणि त्याची पूर्वपीठिका १९८६ सालची आहे. त्या वर्षी डिसेंबरमध्ये बी.बी.सी.च्या ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात सोळा वर्षांच्या एका चाहत्याने नुकत्याच संपलेल्या ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’ या मालिकाखंडावर, त्याच्या दोन लेखकांच्या समोर, रोखठोक टीका केली. मुलाचे नाव ख्रिस चिबनल. २०१८ ते २०२२ या काळात तेच या मालिकेचे प्रमुख सूत्रधार होते. जॉन टलक आणि जेनकिन्स यांनी १९९५ च्या ‘सायन्स फिक्शन ऑडियन्सेस’ या ग्रंथात या मालिकेच्या चाहत्यांचे वर्णन सत्ताहीन अभिजन असे केले होते : मालिकेचा इतिहास सांगण्याचा अधिकार त्यांच्याकडे असतो, ती घडविण्याचा नसतो. ते वर्णन दहा वर्षेही टिकले नाही. मालिका बंद असताना चाहत्यांनी तिच्यावरील कादंबऱ्या लिहिल्या, आणि २००५ नंतर रसेल टी. डेव्हिस, स्टीव्हन मोफॅट, चिबनल असे चाहतेच क्रमाने सूत्रधार झाले. निरीक्षकाने ज्याला सत्ताहीन वाचक म्हटले तो लेखकाच्या खुर्चीत जाऊन बसला, आणि चाहता व कर्ता यांच्यातील जी सीमा सिद्धान्ताने गृहीत धरली होती ती व्यवहारात पुसली गेली.

चिबनल यांनी लिहिलेला ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ हा भाग १ मार्च २०२० रोजी प्रसारित झाला. डॉक्टर मुळात गॅलिफ्रेची नव्हेच; ती अन्य विश्वातून आलेले, टेक्टीऊन या शास्त्रज्ञ स्त्रीला सापडलेले अनाथ मूल होती; त्या मुलावर प्रयोग करून पुनर्देहधारणेचे रहस्य मिळविले गेले आणि कालस्वामींच्या जमातीला देण्यात आले; नंतर त्या मुलाची स्मृती पुसली गेली, असा त्यातील रहस्यभेद होता. प्रचंड वाद झाला. विरोधकांचा मुख्य आक्षेप असा की सत्तावन्न वर्षांची प्रमाणसंहिता उद्ध्वस्त झाली. समर्थकांनी प्रत्युत्तर दिले की १९७६ च्या आरंभीच्या ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’मध्ये डॉक्टरचे पूर्वीचे म्हणून काही अनोळखी चेहरे दाखविले गेले होते (ते चेहरे निर्मितीतील मंडळींचेच होते, रॉबर्ट होम्स यांचाही त्यांत समावेश होता), तेव्हा ही शक्यता पहिल्यापासूनच होती. चिबनल यांनीही आपल्या भागात ते चेहरे पुन्हा दाखविले.

हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या न्यायालयात चालला. आक्षेपकाने नियमभंगाचा खटला भरला, बचावपक्षाने जुना दाखला काढला, आणि दोघांनीही हे गृहीत धरले की प्रश्न दाखल्यांचा आहे. समजा, मॉर्बियसचे चेहरे कधी दाखविलेच गेले नसते. तर त्यामुळे हा भाग अधिक वाईट झाला असता काय? समजा, आणखी दहा दाखले सापडले. तर तो अधिक चांगला होईल काय?

भागाचे खरे दोष संहितेतच दिसतात. मध्यवर्ती रहस्य घडत नाही, सांगितले जाते. नायिका प्रतिस्पर्ध्याच्या बंधनात जखडलेली असते आणि तो तिला तिचा इतिहास दीर्घ निवेदनातून ऐकवितो. स्वतःविषयीचे सर्वांत मोठे सत्य तिने शोधून काढलेले नाही, ते तिला श्रोता म्हणून मिळते. अखेरचे निर्णायक कृत्यही तिच्याकडून काढून घेऊन एका दुय्यम पात्राला दिले जाते. दुसरा दोष आशयाचा आहे. जो डॉक्टर आपल्या लोकांपैकी एक होता आणि स्वतःच्या निर्णयाने वेगळा झाला, तो आता जन्मानेच वेगळा ठरतो. त्याची थोरवी कृतीतून निघून कुळात जाते. या दोषाला प्रमाणसंहितेशी काही कर्तव्य नाही. १९६३ पासून हेच कथानक असते तरी तो दोषच राहिला असता.

याच्या उलट बाजूही मांडता येते, आणि ती कोणी समर्थकाने नेटाने मांडावयास हवी होती. एका मुलाच्या शरीरातून ज्ञान ओरबाडून त्यावर एक वैभवशाली संस्कृती उभी राहते आणि मग त्या मुलाला स्वतःचा इतिहासही ठेवीत नाही, ही कल्पना साम्राज्याच्या इतिहासावरचे भेदक भाष्य होऊ शकते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती शक्यता निवेदनाच्या घाईत वाया गेली. कोणी ती सफल झाली असे दाखवून दिल्यास मत बदलावयाची तयारी आहे. समीक्षेतील वाद अशा तयारीने चालतो. दाखल्यांच्या वादात मत बदलण्याची सोयच नसते. तेथे फक्त नवा दाखला सापडतो.

५

चाहत्यांना हे कळत नाही असे म्हणणे चूक होईल. ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत त्यांनी एकदा उत्तम संहितानिष्ठ समीक्षा केलेली आहे. १९७७ च्या मूळ चित्रपटात हान सोलो हा तस्कर मद्यालयात ग्रीडो या मारेकऱ्यावर स्वतः प्रथम गोळी झाडतो. १९९७ च्या सुधारित आवृत्तीत जॉर्ज लुकास यांनी ग्रीडो आधी गोळी झाडतो असा बदल केला. चाहते खवळले. त्यांचा युक्तिवाद असा होता : हान हा आरंभी केवळ स्वतःपुरते पाहणारा, निर्ढावलेला माणूस असल्याखेरीज शेवटी मित्रांसाठी त्याचे परत येणे अर्थशून्य ठरते, पहिला प्रसंग सौम्य केला की शेवटचा दुबळा होतो. कथेच्या दोन टोकांमधील अंतर्गत संबंध दाखवून देणारे हे विधान कोणत्याही वर्गात रूपनिष्ठ समीक्षेचा पाठ म्हणून शिकविण्याजोगे आहे. आणि ते केले गेले प्रत्यक्ष कर्त्याच्या विरोधात. लेखकाचा अधिकार संहितेवर चालत नाही हे बार्थ यांचे प्रतिपादन आपण परीक्षेपुरते पाठ करतो. चित्रपटगृहाबाहेर पडलेल्या प्रेक्षकांनी ते अमलात आणले.

त्याच चाहत्यांची २०१४ मधील स्थिती पाहा. २०१२ मध्ये डिस्ने कंपनीने लुकासफिल्म विकत घेतली. २५ एप्रिल २०१४ रोजी लुकासफिल्मने घोषणा केली की तोवर प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्या आणि चित्रकथा यापुढे प्रमाण नाहीत. त्या ‘लेजंड्स’ या शीर्षकाखाली राहतील. टिमथी झान यांची १९९१ ची ‘एअर टू द एम्पायर’ ही चाहत्यांनी डोक्यावर घेतलेली कादंबरी एका रात्रीत आख्यायिका झाली. पुढे तिच्यातील थ्रॉन या सेनानीला २०१६ मध्ये ‘रेबेल्स’ या मालिकेत आणून पुन्हा प्रमाण केले गेले. आता विचारावयाचे ते एवढेच : त्या एप्रिलच्या दिवशी कादंबरीतील एक शब्द तरी बदलला होता काय? तिच्या गुणदोषांत तसूभर तरी फरक पडला काय? नसेल, तर प्रमाणत्व हा वाङ्मयीन गुण नाही. ती मालकाने घेतलेली नोंद आहे. जमिनीच्या उताऱ्यावरील फेरफारासारखी.

‘कॅनन’ हा शब्द मुळात या अर्थाने गमतीत आला. रॉनल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये ऑक्सफर्ड येथे शेरलॉक होम्सच्या कथांवर निबंध वाचला. बायबलच्या ऐतिहासिक चिकित्सेची पद्धती डिटेक्टिव्ह कथांना लावून त्यांनी त्या पद्धतीचे विडंबन केले. होम्सच्या चाहत्यांनी तो खेळ पुढे चालविला, आणि आपण खेळत आहोत हे त्यांना ठाऊक होते. दीर्घमालिकांच्या काळात खेळाचे शास्त्र झाले आणि शास्त्राचे व्यापारी धोरण झाले. ‘फ्रँचाइझ’ हा शब्दही व्यापारी हक्काच्या क्षेत्रातील आहे. ‘हे प्रमाण आहे काय?’ असे विचारणारा चाहता मालकाच्या दप्तरात डोकावत असतो. ‘हे खरे वाटते काय, आणि का?’ असे विचारणारा चाहता संहितेकडे पाहत असतो. ‘डॉक्टर हू’बाबत बी.बी.सी.ने अधिकृत प्रमाणसंहिता कधीच जाहीर केलेली नाही; तरीही चाहते ती आपली आपणच रचतात आणि तिचे आपणच शिपाई होतात, ही शोकाची गोष्ट आहे.

६

या भेदासाठी आपल्याला परक्या सिद्धान्ताकडे जाण्याची गरज नाही. मराठी आणि संस्कृत विभागांत वाढलेल्या कोणालाही तो परिचित असावयास हवा. अनेक हातांनी, दीर्घ काळ, वाढत गेलेल्या संहितेचा सर्वांत मोठा अभ्यास पुण्यातच झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात गणेश हा लेखक झाल्याचा प्रसंग मुख्य पाठातून वगळून परिशिष्टात गेला. सभापर्वात द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा भाग मुख्य पाठात राहिला नाही. तो प्रक्षिप्त आहे, म्हणजे नंतर आलेला आहे, एवढेच पाठचिकित्सा सांगते. तो निकृष्ट आहे असे ती सांगत नाही, आणि तिच्या संपादकांचाही तसा दावा नव्हता. द्रौपदीच्या धाव्याने प्रसंगाचे भक्तिरसात रूपांतर होते. तो नसताना सभेतील मौन अधिक भीषण होते. यांपैकी काय श्रेष्ठ, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो हस्तलिखिते मोजून सुटत नाही.

कालानुक्रम, अधिकृतता आणि गुणवत्ता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाठचिकित्सेच्या तासाला शिकवितो. लोकप्रिय मालिकेवर भांडणाऱ्या चाहत्याला नेमका हाच भेद हवा आहे. तो आपल्याकडे आहे. आपण देत नाही, कारण त्याचे भांडण आपल्याला ऐकण्यायोग्य वाटत नाही.

७

दोन आक्षेपांचा विचार करणे अगत्याचे आहे.

एक असे म्हटले जाईल की ही भांडणे व्यवसायाला हवीच असतात. चाहत्याचा संताप हादेखील विक्रीचा भाग आहे, आणि समीक्षकाने त्यात उतरणे म्हणजे जाहिरातीत सामील होणे होय. यात तथ्य आहे. पण व्यवसायाला फायद्याचे असते ते निष्ठेचे भांडण : मूळ श्रेष्ठ की नवे, हा गट की तो. कारणे देणारे, भागाभागाने तपासणारे मूल्यमापन व्यवसायाच्या तितके कामाचे नाही, कारण ते नावाच्या पुण्याईवर विकता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या भांडणांतून विखार बाहेर पडतो. २०१७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील एका आशियाई वंशाच्या अभिनेत्रीचा चाहत्यांतील काहींनी अतोनात छळ केला. त्याच वर्षी डॉक्टरच्या भूमिकेसाठी जोडी व्हिटेकर या अभिनेत्रीची निवड जाहीर झाली, तेव्हा काहींनी प्रमाणसंहितेचा आधार घेऊन विरोध केला. वास्तविक मास्टर हा कालस्वामी स्त्रीरूपात आल्याचे २०१४ मध्येच दाखविले गेले होते. म्हणजे येथे सातत्याचा आग्रह हा निव्वळ पूर्वग्रहावरचा बुरखा होता. परंतु तो बुरखा म्हणून वापरता आला, याचे कारण सातत्य हा निकष कोणतेही कारण न देता वापरता येतो, हेच आहे. उलट बाजूनेही तेच घडले : पटकथेतील दोष दाखविणाऱ्या प्रत्येकाला स्त्रीद्वेष्टा ठरवून अनेकांनी संहिता वाचण्याचे कष्ट वाचविले. दोन्हीकडे भांडण झाले आणि समीक्षा राहून गेली. विखारावरचा उपाय मूल्यमापन बंद करणे हा नव्हे. मूल्यमापनाला कारणे मागणे हा आहे.

आस्वादविधानांविषयी कांट यांनी १७९० मध्ये केलेला एक भेद येथे उपयोगी आहे. सुंदर काय याचा पुरावा देऊन निर्णय लावता येत नाही, पण त्याविषयी भांडता येते; आणि भांडतो तो दुसऱ्याला पटेल अशी आशा बाळगूनच भांडतो. ज्याला कोणाचेही पटणे शक्य वाटत नाही तो ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून घरी जातो. ‘डॉक्टर हू’चे चाहते साठ वर्षे घरी गेलेले नाहीत. आपण मात्र मूल्य हा शब्द अवतरणचिन्हांत टाकून केव्हाच घरी गेलो आहोत. संरचनावाद, चिन्हमीमांसा, वाचककेंद्री समीक्षा, संस्कृती-अभ्यास यांतून आपण बरेच काही शिकलो. पण कृती बरी की वाईट हे विचारावयाचे नाही हा त्यांपैकी कोणाचाही निष्कर्ष नव्हता. ती आपली सोय होती. अशा सोयीत संशोधकाला कधीही चुकावे लागत नाही.

त्या चर्चासत्रातील विद्यार्थिनीने पुढे प्रबंधाचा विषय बदलला. आता ती चाहत्यांच्या वयोगटांची आणि माध्यम-सवयींची पाहणी करीत आहे, असे कळते. ते कामही उपयुक्त आहे. पण तिच्या मूळ निबंधात ‘द डेडली अ‍ॅसॅसिन’विषयीचे एक मत होते, जे प्रस्तुत लेखकाला अमान्य आहे. १९७७ च्या त्या टीकाकाराचेच बरोबर होते, गॅलिफ्रे दाखविल्याने मालिकेने आपले एकमेव खरे रहस्य गमावले, असे तिचे प्रतिपादन होते. वरील तिसऱ्या भागात जे लिहिले आहे ते तिला त्या दिवशी सभागृहात द्यावयाचे उत्तर होते. ते उशिरा दिले आहे; तिचे प्रत्युत्तर आल्यास या पृष्ठांवर त्याला जागा मिळावी.